मोफत वकिली कपड्यांचं पणजीतलं कपाट: कोट कसा मिळतो, कसा बसतो, कुठे अडतं

वकिलीची सनद, म्हणजे नोंदणीचा परवाना, हातात आली की पहिल्याच आठवड्यात लागणाऱ्या कपड्यांची यादी वाचायला छोटी वाटते. काळा कोट, गाऊन, दोन-तीन बँड (गळ्याशी लावायच्या जोड पांढऱ्या पट्ट्या), निदान दोन पांढरे शर्ट किंवा कुर्ते, पँट अथवा सलवार, बंद काळे बूट. हे सगळं दुकानातून नवं घ्यायचं म्हटलं तर बेताच्या दर्जाचंही पाच-सात हजारांच्या घरात जातं, आणि कोट अंगावर शिवून घेतला तर आणखी वर. नोंदणीचा खर्च अलीकडे आवाक्यात आला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार प्रकरणात निकाल दिला, की अधिवक्ता कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलंय त्याहून जास्त शुल्क राज्य बार कौन्सिलांनी घेऊ नये. म्हणजे सर्वसाधारण वर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. कपड्यांचं मात्र तसं काही झालं नाही. कनिष्ठ वकिलांना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली, पण ती शिफारसच आहे. पहिले सहा महिने नुसत्या बसभाड्यावर काम करणाऱ्या मुली गोव्याच्या प्रत्येक तालुक्यात आहेत.

अशा मुलींसाठी पणजीत काही महिला वकिलांनी मिळून एक कपाट चालवलं आहे. खरं तर ती एक खोली आहे, पण सगळे कपाटच म्हणतात. जुन्या वकिलांकडून आलेले कोट, गाऊन, शर्ट, साड्या इथे निवडल्या जातात, दुरुस्त होतात आणि नव्या मुलींना मोफत दिल्या जातात. अनामत नाही, परत करायची अट नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. आमचं मत आधीच सांगून टाकतो: सेवा उत्तम आहे, आणि ती उत्तम आहे मुख्यतः तिथल्या निवडीमुळे. आलेल्या ढिगातला मोठा भाग ही मंडळी परत करतात किंवा पुसण्यांना लावतात. कपडेदानाचे बहुतेक उपक्रम इथेच घसरतात. देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून सगळं ठेवून घेतात, मग घेणारीला बाहीवर चकाकी आलेला, काखेत फाटलेला कोट मिळतो आणि तो ती कधीच घालत नाही.

गेल्यावर पहिला प्रश्न मापाचा नसतो. ‘बाय, उभी कुठे राहणार तू? म्हापशाला की पर्वरीला?’ असं विचारतात, आणि हा प्रश्न अगदी बरोबर आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या पोशाखाच्या नियमांप्रमाणे गाऊन सर्वोच्च आणि उच्च न्यायालयातच सक्तीचा आहे, इतरत्र ऐच्छिक. उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्तीही उच्च न्यायालयाखालच्या न्यायालयांत नसते. कनिष्ठ स्तरावरच्या न्यायालयांत बँडऐवजी काळा टायही चालतो, मात्र जिल्हा आणि सत्र न्यायालयात बँडच हवा. त्यामुळे जी मुलगी पहिली दोन वर्षं डिचोली, वाळपई किंवा केप्याच्या न्यायालयात जाणार, तिला आधी चांगला हलका कोट हवा, गाऊन नंतर. जिच्या सीनियरचं, म्हणजे ज्या वकिलाच्या हाताखाली ती काम करते त्याचं, काम पर्वरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातल्या खंडपीठात चालतं, तिला गाऊनशिवाय पहिल्याच दिवशी अडेल. गाऊन कमी येतात आणि कोट जास्त, म्हणून हा प्रश्न आधी विचारणं शहाणपणाचं आहे.

दुसरा प्रश्न सनदेचा. मिरामारच्या साळगावकर कॉलेजातल्या किंवा मडगावच्या कारे कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलीला कोट, शर्ट, पँट मिळते, पण बँड आणि गाऊन मिळत नाही. ते नोंदणी झाल्यावरच. काहींना हे कडक वाटतं, पण आम्हाला हे योग्य वाटतं. विद्यार्थिनीने मूट कोर्टला (सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्याला) किंवा इंटर्नशिपला पांढरा शर्ट, काळा कोट आणि काळा टाय घालायचा असतो; बँड हा नोंदणी झालेल्या वकिलाचा. बँड लावून फिरणाऱ्या इंटर्नला न्यायालयात कुणी हटकलं, तर लाज तिचीच जाते, कपडे देणाऱ्याची नाही.

आता कोट. इथेच या सेवेचा खरा कस लागतो, म्हणून जरा सविस्तर.

आलेला कोट आधी दारात, दिवसाच्या उजेडात धरतात आणि शेजारी नव्या काळ्या कापडाचा तुकडा ठेवतात. ट्यूबलाइटखाली काळा दिसणारा कोट बाहेर आणला की तांबूस किंवा हिरवट निघतो. असा कोट रंगवून सुधारत नाही. बहुतेक तयार कोट पॉलिस्टर-व्हिस्कोज मिश्रणाचे असतात. घरगुती रंग त्यातल्या व्हिस्कोजला लागतो, पॉलिस्टरला लागत नाही, आणि कोट ठिपक्याठिपक्यांचा होतो. त्यानंतर कॉलरच्या पट्टीखाली, छातीच्या भागावर कापड चिमटीत धरून दोन थर वेगळे होतात का ते बघतात. स्वस्त कोटाच्या पुढच्या भागात आतून गोंदाचं अस्तर इस्त्रीने चिकटवलेलं असतं. घरी मशीनमध्ये धुतला किंवा तापलेली इस्त्री थेट फिरवली की गोंद सुटतो आणि छातीवर फुगे येतात. हे फुगे पुन्हा इस्त्री करून बसवता येतात असं सांगणारे टेलर भेटतील. दोन दिवस बसतात, पहिल्या दमट सकाळी पुन्हा उठतात. असा कोट हे कपाट घेतच नाही.

काखेतलं अस्तर फाटलेलं असणं हा मात्र नाकारण्याचा दोष नाही. घाम आणि डिओडरंट यांनी ते सर्वांत आधी विरतं, पण बदलता येतं. खांद्यातले पॅड फोमचे असतील आणि कोटाला कोंदट वास येत असेल, तर पॅड काढून टाकून नवे बसवतात, कारण ड्रायक्लीन करूनही वास फोममध्येच राहतो. ही एक गोष्ट बऱ्याच टेलरांनाही ठाऊक नसते आणि ते बिचारे कोट दोन-दोनदा धुवायला पाठवतात. बटणं सगळी बदलून एकसारखी करतात. चार बटणांत एक वेगळं असलं की कोट ‘मिळालेला’ दिसतो, आणि तसा तो दिसू नये ही या लोकांची कळकळ प्रत्येक टाक्यात दिसते.

बसवण्याच्या बाबतीत एकच नियम ते सोडत नाहीत: खांदा बसला तर कोट, नाही तर दुसरा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. अर्धा इंच इकडेतिकडे पॅडने सांभाळता येतं. त्याहून जास्त असेल तर बाही उसवून पुन्हा बसवावी लागते. ते काम नव्या कोटाच्या शिलाईच्या जवळपास जातं आणि नेहमी साधतंच असं नाही. बाकी सगळं जमतं. बाजूच्या शिवणी एक-दीड इंचापर्यंत आत घेता येतात. त्याहून जास्त घेतलं की खिसे पाठीमागे सरकतात. कोट मोठा करायचा असेल तर आधी शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, किती सोडली आहे ते उलटून बघावं लागतं. तयार कोटात ती बहुधा जेमतेम असते, शिवून घेतलेल्या जुन्या कोटात इंचभर सापडते. पण जुन्या कोटाची शिवण उसवली की आतला न विटलेला काळा रंग पट्ट्यासारखा बाहेर दिसतो, म्हणून मोठं करण्यापेक्षा लहान करणं केव्हाही बरं. बाही मनगटाच्या हाडापर्यंत, म्हणजे शर्टाचा कफ पाव ते अर्धा इंच दिसेल अशी. बाही खालून दीड इंचापर्यंत सहज कमी होते. पुढे कफावरची बटणं कडेला येतात.

इथली कोट घालून बघण्याची पद्धत आम्हाला फार आवडली. आरशासमोर सरळ उभं राहून ‘छान दिसतो’ म्हणायचं, एवढ्यावर थांबत नाहीत. मुलीच्या हातात एक जाड फाइल देतात. ती दोन्ही हातांनी पुढे धरायची, मग एक हात उंचावून समोरच्याला कागद द्यायचा, मग खुर्चीत बसून खाली वाकून लिहायचं. यात पाठीवर आडवी ओढ पडली, किंवा बटण लावल्यावर छातीवर फुलीसारख्या सुरकुत्या आल्या, तर तो कोट बाजूला. न्यायालयात दिवसभर नेमक्या याच हालचाली होतात. दुकानात कुणी फाइल हातात देत नाही.

पुरुषांचे कोट भरपूर येतात, आणि ते महिलांना देताना फसगत इथेच होते. पुरुषांच्या कोटाची बटणं उजव्या बाजूला असतात आणि डावा भाग वर येतो. महिलांच्या कोटात उलट. हे कुणी बघत नाही, म्हणून तेवढ्यावरून कोट टाकून देण्याचं कारण नाही. अडचण वेगळी आहे. पुरुषी कोटाला छातीखाली टक्स, म्हणजे आकारासाठी घातलेली शिवणीची चुणी, नसतो, कंबर सरळ असते आणि खांदा रुंद असतो. लहान चणीच्या माणसाचा, ३६ मापाचा कोट असेल तर पुढच्या भागात दोन्हीकडे टक्स घालून तो मुलीच्या अंगावर चांगला बसतो. ४० चा कोट ३४ च्या मुलीसाठी कापायला घेणं म्हणजे वेळ आणि कापड दोन्ही घालवणं. कपाटातल्या टेलरबाई हे स्पष्ट तोंडावर सांगतात. एक फायदा मात्र खरा आहे: पुरुषी कोटाला आतून खरे खिसे असतात. महिलांच्या तयार कोटाला बाहेर नुसती खिशाची पट्टी शिवलेली असते. ती उसवून आत सुती कापडाची पिशवी लावून देण्याचं काम इथे मागितल्यावर होतं. जरूर मागा.

भारतात महिलांना वकिलीचा दरवाजा कायद्याने उघडला तो १९२३ मध्ये, आणि मुंबई उच्च न्यायालयात मिठन टाटा या पहिल्या महिला वकिलाची नोंद झाली १९२४ मध्ये. तेव्हापासून शंभर वर्षं उलटली, तरी तयार मिळणाऱ्या वकिली कोटांची मापं अजून पुरुषी देहावरून काढलेली असतात, हे कुणीतरी उत्पादकांना बजावायला हवं.

कोटाच्या आतल्या पांढऱ्या शर्टाबद्दल इथे एक साधी कसोटी आहे: शर्टाच्या आत हात घालून उजेडाकडे धरायचा, बोटांचा रंग दिसला तर शर्ट बाद. पातळ पांढरा शर्ट उन्हाळ्यात कोट काढून बसायची वेळ आली की अडचणीचा होतो आणि मुलगी दिवसभर आखडून बसते. टेरीकॉट किंवा जाड सुती पॉपलीन बरं. पिवळी पडलेली कॉलर आणि काखा दिसल्या की लोक ब्लीच करायला धावतात. गोव्यात हे आणखी धोक्याचं आहे. जांभ्या दगडाच्या मुलखात बऱ्याच विहिरींच्या पाण्यात लोह असतं. त्या पाण्यात क्लोरीनचं ब्लीच टाकलं की लोह गंजून कापडावर आणखी तांबूस डाग बसतात. तांबूस डाग असतील तर लिंबाचा रस आणि मीठ लावून काही वेळ ठेवावं, भरपूर साध्या पाण्यात काढावं, आणि डाग गेल्यावरच साबण लावावा. पांढरेपणासाठी नीळ पुरते, पण पाण्यात आधी पूर्ण विरघळवून.

शर्ट नको असेल तर सलवार-कुर्ता, चुडीदार-कुर्ता, साडी, लांब स्कर्ट यांपैकी काहीही नियमात बसतं. सलवार-कुर्ता आणि ओढणी पांढरी किंवा काळी हवी, ओढणी घेतली नाही तरी चालते. साडी आणि स्कर्टला पांढरा, काळा किंवा कोणताही सौम्य रंग चालतो, पण छपाई किंवा नक्षी नको. दानात साड्या खूप येतात आणि त्यातल्या बहुतेक यात बसत नाहीत: बारीक बुट्टी, जरीचा काठ, फिकट का होईना पण बांधणीचे ठिपके. कपाटात फक्त बिनकाठाच्या, एकरंगी साड्या ठेवतात. काठ असलेली साडी अनेक न्यायालयांत कुणी मनावर घेत नाही, हे खरं. पण नव्या मुलीला न्यायाधीशांसमोर पोशाखाची चिंता राहू नये, म्हणून ही सावधगिरी बरी.

साडी किंवा बिनकॉलरच्या कुर्त्यावर बँड लावायचा कसा, हा नवख्या मुलींना हमखास पडणारा प्रश्न. साधा बँड शर्टाच्या कॉलरखाली अडकतो. कॉलर नसेल तर तो गळ्याशी सरकतो आणि दोन पट्ट्या वाकड्या लोंबतात. त्यासाठी कॉलरसकट शिवलेला बँड मिळतो, मागे हूक किंवा वेलक्रो असलेला. वेलक्रो टाळा. ते दोन महिन्यांत केस आणि धागे धरतं, मानेला टोचतं आणि भर सुनावणीत सुटतं. हूक किंवा बटण चांगलं. दोन बँड द्यायचा इथला शिरस्ता आहे, आम्ही तीन सुचवू: एक गळ्यात, एक धुतलेला, एक बॅगेत. शाई किंवा चहाचा थेंब सगळ्यात आधी बँडवरच पडतो.

बँडला घरी तांदळाच्या पेजेची खळ देतात ती छान कडक होते. फक्त खळ दिलेला बँड पावसाळ्यात कपाटात ठेवून देऊ नका. स्टार्चला कसर लागते आणि बुरशीही. जूनपासून खळ वापरायच्या आदल्या दिवशीच द्यावी.

गाऊनच्या बाबतीत दोनच गोष्टी. तो कोटावरून घालायचा असल्यामुळे कोट घालूनच त्याचं माप बघायचं, आणि पोटरीच्या खाली जाऊ द्यायचा नाही, कारण पायऱ्या उतरताना त्याची कड पायात येते. दुसरं, निवृत्त सीनियर अधिवक्त्यांच्या घरून जो गाऊन येतो तो वेगळ्या कापाचा असतो आणि न्यायालयाने ‘सीनियर’ हे पदनाम दिलेल्या अधिवक्त्यांनीच वापरायचा असतो. घरच्यांना हे माहीत नसतं, ते भक्तिभावाने घडी करून पाठवतात. कपाटातल्या मंडळींनी तो ओळखून वेगळा ठेवला आहे आणि कुणालाही दिलेला नाही, हे त्यांच्या जाणकारीचं चांगलं लक्षण. गाऊनसोबत इथे एक सुती पिशवीही देतात. न्यायालयाबाहेर सार्वजनिक जागी बँड-गाऊन घालून फिरू नये असा नियमच आहे, आणि स्कूटरवरून येणाऱ्या मुलीला पिशवीची गरज नियमाआधी पडते.

आता गोव्याचा पावसाळा. लोकरीचं प्रमाण जास्त असलेला जड कोट मुंबई-पुण्याहून दानात आला की सगळे खूश होतात, कापड खरोखर सुरेख असतं. पण इथल्या दमट हवेत तो दुपारपर्यंत अंगाला चिकटतो आणि पूर्ण अस्तरामुळे घाम आतच राहतो. कपाटात असे कोट अर्ध्या अस्तरावर आणून देतात: पाठीचं अस्तर खांद्यापासून वीतभर ठेवून खालचं काढून टाकतात, उघड्या शिवणींना पायपिंग करतात. असं करून देणारी दुसरी सेवा आमच्या पाहण्यात नाही. ज्या मुलीला पर्याय दिला जाईल तिने पॉलिस्टर-व्हिस्कोजचा अर्ध्या अस्तराचा हलका कोटच निवडावा, दिसायला कमी भारदस्त असला तरी.

ओला कोट कपाटात टांगला की तिसऱ्या दिवशी काळ्या कापडावर पांढुरकी साय दिसते. ती बुरशी. घरात झटकू नका, कण इतर कपड्यांवर बसतात. बाहेर उन्हात नेऊन कोरड्या ब्रशने काढा, मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पिळलेल्या फडक्याने पुसा, सावलीत वाऱ्यावर वाळवा. काळा कोट तासन्‌तास उन्हात ठेवला की विटतो, म्हणून ऊन फक्त झटकण्यापुरतं. ड्रायक्लीनवाल्याची प्लॅस्टिकची पिशवी घरी आल्या आल्या काढून टाका, ती ओल अडकवून ठेवते. वर जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा घाला. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका. गोव्यात पुष्कळ घरांत कपाटात कमी वॅटचा दिवा लावून ठेवायची पद्धत आहे. ती उपयोगी आहे, पण दिवा जुन्या पद्धतीचा, आत तार तापणारा बल्ब हवा, एलईडी पुरेशी ऊब देत नाही, आणि कपड्यांपासून तो चांगला दूर हवा. इस्त्री करताना कोटावर ओलसर सुती फडकं ठेवा. थेट इस्त्रीने पॉलिस्टरला चकाकी येते आणि ती परत जात नाही.

सेवेच्या उणिवाही आहेत, आणि त्या लहान नाहीत. पहिली वेळेची. कपाट शनिवारी सकाळीच उघडतं. काही शनिवारी न्यायालयं चालू असतात, आणि नव्या मुलीला सीनियरकडे ‘मला कोट आणायला जायचंय’ असं सांगून सुटी मागणं सोपं नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ, सहानंतर दोन तास, एवढी जोड दिली तरी निम्मी अडचण संपेल. दुसरी जागेची. काणकोणहून पणजी सत्तरेक किलोमीटर. कदंब बसने येऊन, माप देऊन, आठ-दहा दिवसांनी दुरुस्त झालेला कोट न्यायला पुन्हा यायचं म्हणजे दोन दिवस मोडतात. मडगावला महिन्यातून एकदा मापं घेतली तर केपे, सांगे, काणकोणच्या मुलींना निम्मा प्रवास वाचेल. कपडे मडगावहून परत देणंही अवघड नसावं.

तिसरी मापांची. ३४ ते ३८ मध्ये निवड चांगली आहे, ४२ च्या पुढे जवळजवळ काही नाही, आणि पाच फुटांहून बुटक्या मुलींना बाही आणि लांबी दोन्ही कापावी लागते. गरोदरपणात वापरता येईल असा कोट एकही नाही. हा दोष दानाचा आहे, कारण दानात जे येतं तेच कपाटात असतं. पण मोठ्या मापांसाठी पैशांची देणगी वेगळी मागून नवे चार-पाच कोट शिवून ठेवणं शक्य आहे आणि ते व्हायला हवं. सध्या मोठ्या मापाच्या मुलीला ‘आलं की कळवतो’ एवढंच ऐकून परतावं लागतं, आणि न्यायालयातली तारीख काही थांबत नाही.

बूट इथे ठेवतात, ते बंद करावं असं आम्हाला वाटतं. वापरलेल्या बुटाचा तळ आधीच्या पायाच्या वळणावर बसलेला असतो. दुसऱ्याच्या पायाला तो फोड आणतो. त्याऐवजी बुटांपुरती रोख मदत बरी.

जी गोष्ट लिहायची राहू नये ती म्हणजे इथला संकोच टाळण्याचा प्रयत्न. एका वेळी एकच मुलगी आत, आधी वेळ ठरवून. पडदा, मोठा आरसा, दार आतून बंद होतं. फोटो काढत नाहीत, देणाऱ्याचं नाव घेणारीला सांगत नाहीत आणि घेणारीचं देणाऱ्याला नाही. गोवा लहान आहे. उद्या त्याच कोटाची मूळ मालकीण समोरच्या बाजूने उभी राहू शकते. म्हणून कोटातली नावाची पट्टी, शिंप्याचं लेबल, लाँड्रीची खूण सगळं काढूनच देतात.

जाताना ज्या शर्टावर किंवा कुर्त्यावर कोट घालणार तोच अंगात घालून जा, जाड ब्लाउजवर आणि पातळ शर्टावर माप वेगळं येतं. रोजचे कोर्टाचे बूट घाला, म्हणजे पँटची लांबी बरोबर ठरेल. सनदेची किंवा नोंदणी अर्जाच्या पावतीची प्रत, विद्यार्थिनी असाल तर कॉलेजचं ओळखपत्र सोबत ठेवा. कोट घरी नेल्यावर आठवडाभर वापरून बघा. न बसल्यास बदलून देतात, फक्त स्वतः कापाकापी केलेली नसावी.

आणि देणाऱ्यांना: कोट ड्रायक्लीन करून, खिसे रिकामे करून द्या. खिशात जुन्या अशिलांचे कागद निघतात, ते दुसऱ्याच्या हाती पडणं बरं नाही. फुगे आलेला, विटलेला कोट देऊ नका. तुम्ही स्वतः सोमवारी न्यायालयात घालून जाणार नाही तो कुणालाच नको. मोठ्या मापाचे कोट आणि साधे गाऊन यांची सर्वांत जास्त गरज आहे. द्यायचं ते एप्रिल-मेमध्ये द्या. जुलैत आलेला कोट ओल घेऊनच येतो, आणि तो सुकवून, तपासून, शिवून मुलीच्या हाती पडेपर्यंत पावसाळा सरलेला असतो.